पत्रेवाल्यांची जर्सी

खोकी सकाळी दहाच्या सुमारास आली. चार होती. मी पावतीवर सही केली आणि गाडीवाल्याला सांगितलं, खाली धुण्याच्या खोलीत नेऊन ठेव. आधी मी स्वतः खाली जाऊन मावशीला सांगायला हवं होतं. मला दोन आठवडे ठाऊक होतं. आमच्या फुटबॉल क्लबच्या कचेरीत मी कारकून, प्रायोजकाचा करार मीच टाइप केलेला. पण सांगायचं कसं ते सुचेना, म्हणून मूग गिळून बसलो होतो.

पंधरा मिनिटांनी खाली गेलो. मावशीने पहिलं खोकं उघडलं होतं. आत नव्या मोसमाच्या जर्सीवर तापवून चिकटवायच्या पट्ट्या होत्या, छातीवर यायच्या. प्रायोजकाचं नाव, पांढऱ्या अक्षरांत, हातभर लांब. तिने एक पट्टी उचलून उजेडात धरली होती. वाचून झाल्यावर ती पुन्हा खोक्यात ठेवली, झाकण बंद केलं आणि नळाखाली हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत.

"अहो कारकून," ती म्हणाली, "हे वर घेऊन जा."

"मावशी, शनिवारी सामना आहे..."

"वर घेऊन जा म्हटलं ना. माझ्या खोलीत हे राहणार नाही."

ते नाव आमच्या गावाबाहेरच्या पत्र्यांच्या कारखान्याचं होतं. सिमेंटचे पन्हाळी पत्रे. मावशीचा नवरा एकोणीस वर्षं तिथे होता, कापणीच्या शेडमध्ये.

मावशी म्हणजे कोण, ते सांगायला हवं. क्लबात सव्वीस वर्षं कपडे सांभाळणारी. खेळाडू तिला कडकमावशी म्हणत. एक तर तिचा आवाज कडक, आणि दुसरं म्हणजे तिच्या हाताखालून गेलेली जर्सी घडी घालून ठेवली तर कागदासारखी उभी राहायची. स्टँडच्या खाली, बूट ठेवायच्या खोलीला लागून तिची खोली. दोन मोठी यंत्रं, एक सुकवायचं, इस्त्रीचं लांब टेबल, आणि जर्सीवर आकडे नि नावं चिकटवायचा तापता प्रेस. खिडकी मैदानाच्या पातळीला होती. त्यातून फक्त पाय दिसत. ती पायांवरून खेळाडू ओळखायची. "तुमचा तो नवा बचावपटू उजव्या पायावर भार देत नाही," असं तिने एकदा प्रशिक्षकाला सांगितलं, आणि तपासल्यावर खरंच घोट्यात चीर निघाली.

रक्ताचा डाग गार पाण्यात, गवताचा डाग आधी साबणात भिजवून, घामाच्या पिवळ्या कडा वेगळ्या. मोजे उलटे करून टाकले नाहीत तर ती सबंध ढीग दाराबाहेर फेकायची. राष्ट्रीय संघात खेळून आलेला एक गोलरक्षक तिथे कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर बसून मोजे उलटे करताना मी पाहिलाय. ती कोणाला घाबरत नसे, आणि कोणाचा वाढदिवस विसरत नसे.

नवरा मात्र अगदी मऊ माणूस. दर सामन्याला पूर्वेकडच्या उघड्या स्टँडमध्ये, एकाच जागी. गोल झाला की टाळी वाजवायचा, ओरडायचा नाही. पुढे पुढे ओरडणं जमेनासंच झालं. पायऱ्या चढताना तीन ठिकाणी थांबायचा. शेवटच्या वर्षी आम्ही त्याला खाली दरवाजाजवळ खुर्ची दिली. एक्कावन्नाव्या वर्षी गेला.

त्या पत्र्यांत एक तंतू असतो. दगडातून काढतात. ॲस्बेस्टॉस. पत्रा करवतीने कापला की तो धुळीत उडतो, नाकातून आत जातो आणि फुप्फुसात काट्यासारखा रुतून बसतो. दहा वर्षं, वीस वर्षं काही कळत नाही. मग कळतं तेव्हा कळून उपयोग नसतो. कारखान्याला हे ठाऊक होतं. कामगारांना दिलेला मुखवटा म्हणजे एक फडकं, दोन नाड्या लावलेलं. मावशीचा नवरा गेला तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं, धूम्रपानाने फुप्फुसं निकामी. त्या माणसाने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. मावशी तो कागद घेऊन तीन वेळा कारखान्याच्या फाटकावर गेली, आणि तिन्ही वेळा पहारेकऱ्याने तिला बाहेरूनच परत पाठवलं.

आता तेच नाव तिला अठरा जर्सींच्या छातीवर चिकटवायचं होतं. प्रेसचं हँडल दाबून, वीस सेकंद मोजून.

ती सरळ वर अध्यक्षांच्या खोलीत गेली. मी कागदपत्रं घेऊन मागोमाग, कारण त्यांनीच मला हाक मारली. साक्षीला कोणी असावं म्हणून असेल.

अध्यक्ष आमच्याच क्लबात खेळून मोठे झालेले. विसाव्या वर्षी उजव्या बगलेतून पळायचे तेव्हा मावशीच त्यांच्या चड्ड्या धूत होती. पुढे बांधकामाच्या धंद्यात जम बसला आणि क्लबाचे अध्यक्ष झाले. माणूस वाईट नव्हता. हे मी आजही म्हणतो, आणि म्हणताना मला राग येतो, कारण वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.

"मावशी, बसा," ते म्हणाले.

"बसत नाही. हे काय आहे?"

"क्लब बंद पडायला आला होता. पूर्वेचा स्टँड उघडा, मुलींचा संघ बंद करायची पाळी. सात ठिकाणी गेलो मी. सातही जणांनी तोंडाला पानं पुसली. हे एकटे उभे राहिले."

"उभे राहिले? माझा नवरा झोपू शकत नव्हता. चार महिने खुर्चीत बसून काढले त्याने. यांच्यामुळे."

"ते जुनं झालं, मावशी. आता तो तंतू वापरत नाहीत म्हणे. नवी माणसं आहेत, नवा कारभार."

"मग नव्या माणसांना सांगा, जुन्या माणसांची विचारपूस करा आधी. आमच्या आळीत नऊ घरांत विधवा आहेत. नऊ! एकीच्या दारात आलं का कोणी? आणि इथे आले नाव झळकवायला."

अध्यक्षांनी डोळे चोळले. "अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं समजा."

"हरी अडला असेल. पण पाय तुम्ही माझ्या हातांनी धरायला लावताय."

ते जरा चिडले. "तुम्ही सव्वीस वर्षं या क्लबाचं मीठ खाल्लंय, मावशी. त्याला जागायला नको?"

हे बोलायला नको होतं. मावशीचा आवाज इतका खाली आला की मला पुढे झुकावं लागलं.

"मीठ? ते माझ्या घामाचं होतं रे. तुझ्या बापाचं नव्हतं. तुझ्या चड्ड्या धुतल्यात मी. मला मीठ शिकवू नकोस."

ती निघून गेली. अध्यक्षांनी समोरचा करार फायलीत ठेवला. मग मला म्हणाले, "पट्ट्या बाहेरच्या दुकानातून चिकटवून घ्या."

तसं झालं. बाजारातल्या एका छापखान्यात पट्ट्या लागल्या, दोन वाकड्या लागल्या, आणि शनिवारी आमचा संघ छातीवर ते नाव घेऊन मैदानात उतरला. सामन्यानंतर ढीग मावशीच्या खोलीत आला. ती धुवेल की नाही, अशी मला धास्ती होती. तिने धुतल्या.

"कपड्यांचा काय दोष?" ती म्हणाली. "पोरं घामेजून आली, त्यांना मळके घालायला लावू का? पण चिकटवणार नाही. मरेपर्यंत नाही."

आणि बोलता बोलता ती खोकली.

हा खोकला मी आधीही ऐकला होता. साबणाच्या वाफेने होतो, असं ती म्हणायची. त्या महिन्यात तिची लेक तिला ओढून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. लेक औषधांच्या दुकानात काम करते, तिला खोकल्या-खोकल्यातला फरक कळतो. छातीची फिल्म काढली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म दिव्यावर लावली आणि विचारलं, "मावशी, तुम्ही पत्र्यांच्या कारखान्यात होता का?"

"मी नाही. नवरा होता."

"तुम्ही कधीच गेला नाहीत आत?"

"नाही. मी घरी त्याचे कपडे धुवायचे. धुवायच्या आधी अंगणात झटकायचे. पांढरेफेक असायचे ना, पाण्यात टाकले तर चिखल व्हायचा."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "किती वर्षं?"

"एकोणीस. रोज." आणि मग मावशीला कळलं. लेकीने मला सांगितलं, की आई एकदम हसली. म्हणाली, "म्हणजे मीपण कामाला होतेच की तिथे. फक्त हजेरी लागली नाही."

ही गोष्ट लेकीने मला पायऱ्यांवर उभ्या उभ्या सांगितली. मावशीने एका शब्दाने सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी आली, यंत्रं लावली, गोलरक्षकाला मोजे उलटे केले नाहीत म्हणून झापलं.

कप्तानाला मात्र कुठून तरी कळलं. कप्तान गावचाच, मधल्या फळीत खेळणारा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. त्याचा बाप अजून कारखान्यात होता, माल बांधायच्या विभागात. तो एके दुपारी सराव संपल्यावर धुण्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी आकड्यांची यादी द्यायला गेलो होतो.

"मावशी, मी काय करू ते सांगा," तो म्हणाला. "जर्सी घालणार नाही म्हटलं तर मला काढतील आणि बाबांनाही काढतील. घातली तर तुमच्या डोळ्यांसमोर..."

मला वाटलं, आता ती त्याला सोलून काढणार. पण तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "तू खेळ. तुझ्या बापाला सांग, कामाचे कपडे कारखान्यातच बदलून ये. घरी आणायचे नाहीत. आणलेच तर ओले करून मग काढायचे. आणि तुझ्या आईला झटकू देऊ नकोस. कळलं? झटकायचे नाहीत."

"कळलं."

"आजच सांग."

तो गेला. मावशी परत इस्त्री करू लागली, पण तीच बाही चार वेळा.

आता मी माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो, कारण ती लपवून हे लिहायला मला तोंड नाही.

मोसमाच्या मध्यावर पूर्वेच्या स्टँडवर छप्पर चढलं. पत्रे अर्थातच प्रायोजकांचे. त्याच्या उद्घाटनाला क्लबाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. कारखान्याच्या प्रसिद्धीवाल्यांना फोटो हवे होते, आणि फोटोत साधी माणसं हवी होती. क्लबाची जुनी, निष्ठावंत माणसं. यादीत पहिलं नाव मावशीचं आलं. तिचा नवरा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वहीत तो फक्त एक हजेरी नंबर होता, आणि तोही खोडलेला. अध्यक्षांना माहीत होतं. पण त्यांना वाटलं, सत्कार केला, तिच्या नावाची चौकटीतली जर्सी दिली, चार लोकांत कौतुक झालं, की बाई निवळेल. विचारलं तेव्हा मावशी हो म्हणाली. अध्यक्षांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी मला चहा पाजला.

मी ध्वनियंत्रणेजवळ बसलो होतो. बटणं माझ्या हातात. सभागृह भरलेलं, दीडशे-दोनशे माणूस. व्यासपीठावर अध्यक्ष, कारखान्याचे मोठे साहेब, निळ्या सुटात, हसरे. मावशीचं नाव पुकारलं. ती जुनीच पण कडक इस्त्रीची साडी नेसून वर गेली. साहेबांनी चौकट पुढे केली. तिने ती घेतली नाही, ध्वनिक्षेपक घेतला.

"माझा नवरा तुमच्या कापणीच्या शेडमध्ये होता," ती म्हणाली. "हजेरी नंबर सातशे बारा. एकोणीस वर्षं. तुमच्या डॉक्टरने लिहून दिलं, तो सिगारेटने गेला. आमच्या घरात काडेपेटी होती ती गॅस पेटवायला. त्याला धुराचा वास सोसायचा नाही."

साहेबांचं हसू तसंच राहिलं. विझवायचं विसरलेल्या दिव्यासारखं.

"हा त्याचा कागद. तुम्ही हा इथे सगळ्यांसमोर वाचा, आणि खोटा आहे म्हणा. मग मी तुमची चौकट घेते. घरी लावते. रोज पुसते."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि हाताचा तळवा खाली दाबला. बंद कर.

मी बंद केलं.

एका बोटाचं काम. मला कोणी मारत नव्हतं, कोणी धरलं नव्हतं. बोट खाली गेलं आणि मावशीचा आवाज मधेच तुटला. तिने ध्वनिक्षेपकावर टकटक केलं, मग मान वळवून नेमकं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही मला. ध्वनिक्षेपक टेबलावर ठेवला आणि तसंच पुढे बोलायला लागली. सव्वीस वर्षं त्या बाईने यंत्रांच्या खडखडाटावर मात करून सबंध कॉरिडॉर हलवला होता. तिला ध्वनिक्षेपक लागत नव्हता. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. आळीतल्या नऊ घरांचं एकेक सांगितलं. कोण किती वर्षं, कोणत्या शेडला, कितव्या वर्षी गेला. आणि शेवटी, "आता माझ्या छातीत पण तेच आहे. मी तुमच्याकडे नोकरीला नव्हते, तरी दिलंत. मोठ्या मनाचे आहात."

मग खोकला आला आणि ती खाली उतरली. लेकीने हात धरला.

साहेब उभे राहिले. मी यंत्रणा पुन्हा चालू केली. "आम्हाला ताईंच्या भावनांचा आदर आहे," ते म्हणाले. लोकांनी काय केलं असेल? काहींनी टाळ्या वाजवल्या. त्या वाक्याला! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी ऐकले होते, पण खाऊन झाल्यावर रुमालाने तोंड पुसून आदर व्यक्त करणारा तो पहिलाच.

दोन दिवसांनी मावशीला कामावरून दूर केल्याचं पत्र निघालं. "क्लबाच्या प्रतिष्ठेस बाधा." शब्द वकिलाचे, टाइप माझं. मी ते तिच्या घरी नेऊन दिलं, टपालाने पाठवायची लाज वाटली म्हणून. जणू हातात दिल्याने ते कमी घाण होणार होतं.

तिने वाचलं. "बाधामध्ये काना जास्त पडलाय," म्हणाली. खरंच पडला होता. मग म्हणाली, "पाणी घेणार?"

"मावशी, ते बटण..."

"माहितीय मला. तुमचा हात होता. मी बघितला." पत्राची घडी घालून, "पाणी घ्या आणि जा. आज मला तुमच्याशी चांगलं बोलता येणार नाही."

मी पाणी न पिताच निघालो.

पुढच्या घरच्या सामन्याला ती फाटकावर उभी होती. बाजूला तिच्या आळीतल्या आणि पलीकडच्या वस्तीतल्या बायका, सगळ्या मिळून अकरा. प्रत्येकीच्या हातात मोठा पिवळसर लिफाफा. घोषणा नाहीत, फलक नाहीत. लोक रांगेत आले की त्या फिल्म काढून उन्हात धरायच्या. एवढंच. काळ्या फिल्मवर पांढऱ्या बरगड्या आणि खाली धुकं. जवळून जाणाऱ्या माणसाला पाहावंच लागायचं.

काही जण थांबले. पुष्कळ जण थांबले नाहीत. "खेळात राजकारण आणू नका हो," असं एक गृहस्थ माझ्यासमोर म्हणाले. खेळात कारखाना आणलेला चालतो, कारखान्याचं नाव पोरांच्या छातीवर चालतं, त्यांचे पत्रे डोक्यावर चालतात. विधवा फाटकावर उभी राहिली की मात्र राजकारण. एकाने तर तोंडावर सांगितलं, "कपडे धुणारीला क्लबाचं काय कळतं?" मावशी म्हणाली, "कोणाचे किती मळलेत ते कळतं."

त्या दोन मोसम उभ्या राहिल्या. एकही घरचा सामना चुकला नाही. क्लबात कपड्यांचे हाल झाले, हेही सांगतो. बाहेरच्या धुलाईतून जर्सी येत त्या निम्म्या ओल्या, एकदा तर पांढरे मोजे गुलाबी होऊन आले आणि संघ तसाच खेळला. लोक हसले. मला हसू आलं नाही.

या दोन वर्षांत एक काम झालं. सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंनी अकराही घरांच्या जुन्या फिल्म मागवल्या आणि वर, सरकारच्या वैद्यकीय मंडळाकडे पाठवल्या. तिघांचे कागद बदलून आले. त्यात सातशे बारा नंबरचा होता. "कामाच्या ठिकाणच्या धुळीमुळे." मावशीने तो कागद मला दाखवायला बोलावलं. तेव्हा ती उशांना टेकून बसायची, वाक्याच्या मधे श्वास घ्यायची.

"बघा," ती म्हणाली, "चौदा वर्षं लागली... एक शब्द बदलायला."

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी त्यांच्याकडे... नव्हतेच." लेकीने कारखान्याला अर्ज केला होता. उत्तर एका ओळीचं आलं होतं. सदर महिला आमच्या कर्मचारी नव्हत्या. नणंद नाही, जाऊ नाही, दूरची कोणी नाही, जिच्या अंगणात एकोणीस वर्षं यांचा कारखाना झटकला गेला ती यांची कोणीच नाही.

त्या दिवशी ती माझ्याशी चांगलं बोलली. मी पाणी प्यालो.

करार संपायला चार महिने असताना ती गेली. दुपारी, लेक दुकानातून जेवायला घरी आली होती तेव्हा.

अध्यक्षांनी मला लेकीकडे पाठवलं. पुढच्या सामन्याआधी मैदानात एक मिनिट शांतता पाळायची होती. क्लबाच्या वतीने. मी निरोप सांगितला. लेक काउंटरमागे औषधांच्या पट्ट्या लावत होती. ती आईसारखी ओरडत नाही, बापावर गेली आहे.

"कोणती जर्सी घालून पाळणार?" तिने विचारलं.

मी काउंटरवरचा हात काढून घेतला.

"काका, माझ्या आईने शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत अकरा तास श्वासासाठी झगडा केला. त्यांचं एक मिनिट त्यांच्याकडेच ठेवायला सांगा. तिच्या नावाने त्या नावाला गप्प उभं राहायला लावू नका. शोभा त्यांची होईल, तिची नाही."

मी तसंच अध्यक्षांना सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहिलं. शांतता पाळली गेली नाही. शिट्टी वाजली, सामना झाला, आम्ही दोन-एक जिंकलो. कप्तानाने दुसरा गोल केला आणि तो धावत कोणाकडेही गेला नाही. मधल्या रेषेपर्यंत चालत आला, कमरेवर हात ठेवून. टाळ्या पडत होत्या. मला त्या स्टँडचे पत्रे उपसून काढावेसे वाटले, एकेक, हातांनी.

मग सभासदांची सभा. करार आणखी तीन वर्षं वाढवायचा की नाही. अध्यक्षांनी बाजू मांडली. प्रामाणिकपणे मांडली, आकडे लपवले नाहीत, पर्याय नाही म्हणाले. ते बसले तेव्हा कोणी उठेना. मी तीस वर्षांत कधी सभेत बोललो नव्हतो, फक्त इतिवृत्त लिहायचो. त्या दिवशी पेन खाली ठेवलं.

मी म्हणालो, "मला भाषण येत नाही. सभागृहातलं ते बटण मी बंद केलं होतं. अध्यक्षांनी खूण केली, पण बोट माझं होतं. मावशी मला काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. क्लब गरीब आहे, मान्य. पण गरीब माणूस चोराकडे जेवायला बसतो तेव्हा ताटात कोणाचं आहे हे त्याने विचारू नये, असं कुठे आहे? आपल्याला ठाऊक आहे कोणाचं आहे. आपल्यासमोर फाटकावर उभं होतं ते, दोन वर्षं."

आवाज चिरकला. भाषण म्हणून ते वाईटच झालं. पण मतदान चिठ्ठीने झालं आणि एकतीस मतांनी करार पडला. अध्यक्षांनी त्याच बैठकीत राजीनामा दिला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो झटकावासा वाटला आणि वाटलाही नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला सांगायला गेलो. एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होती. "बरं झालं," म्हणाली. मग त्या गिऱ्हाइकाला विचारलं, "कुठे कामाला असता?"

पुढचं काही गोड नाही. नवा प्रायोजक मिळाला नाही. कप्तानाला मोठ्या क्लबाने नेलं, त्याने बापाला कारखान्यातून काढून बरोबर नेलं, ते एक चांगलं झालं. मुलींचा संघ शेजारच्या क्लबात गेला. आम्ही खालच्या श्रेणीत घसरलो. छातीवर काहीही नसलेल्या साध्या जर्सी घालून खेळतो, आणि बहुतेक वेळा हरतो. कारखाना चालूच आहे. त्यांचं नाव आता दुसऱ्या कोणाच्या तरी छातीवर आहे.

मी निवृत्त झालो, पण घरच्या सामन्यांना तिकीट खिडकीत बसतो. परवा रांगेत दोघे बोलत होते. एक म्हणाला, "त्या धुणेवालीने क्लब बुडवला बघ."

माझं डोकं फिरलं. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "ओ," मी म्हणालो, "ती सभेच्या आधीच गेली होती. तिने मत दिलं नाही. मत मी दिलंय. बोललोही मीच. शिवी द्यायची तर मला द्या."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. आणि दिली. चांगली खणखणीत, आईवरून.

मग तिकीट घेऊन आत गेला.